भिंग आणि भिंत

कॅमेऱ्याला रोजच्या वापरासाठी भिंग कोणते घ्यावे हा काही निबंधाचा विषय होऊ शकत नाही, असे आमच्या बाररूममधील एका ज्येष्ठ स्नेह्याचे मत पडले. "त्यापेक्षा तापीवर लिहा, असीरगडावर लिहा; निदान आपल्या गावच्या दराब्यावर तरी लिहा," असा त्यांचा सल्ला. सल्ला वाईट नव्हता. बुऱ्हाणपुरात राहणाऱ्याला विषयांची वाण पडू नये, इतके या गावाने पाहिले आहे. परंतु २०२४ सालच्या ज्येष्ठापासून दसऱ्यापर्यंत ज्या प्रश्नाने माझ्या मनात ठाण मांडले होते, तो असीरगडाचा नव्हता आणि तापीचाही नव्हता. पस्तीस की पन्नास, एवढाच तो प्रश्न होता. आता मागे वळून पाहताना वाटते, तो दिसत होता तेवढा लहान नव्हता.

राजघाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आमचे जुने घर होते. आमचे आजोबा मूळचे फोंड्याजवळच्या कवळ्याचे. मुंबईच्या एका कापूसवाल्याच्या पेढीचे मुनीम म्हणून १९३८ साली ते या गावी आले आणि इथलेच झाले. त्यांच्या तीन मुलांचा संसार त्या एका घरात झाला. तिसऱ्या पिढीपर्यंत घर थकले, तुळया वाकल्या, आणि आम्हा चुलतभावांत वाटणी करायचे ठरले. भांडण मुळीच झाले नाही. वाटणीपत्र अर्थातच मी लिहिले; घरातला वकील फुकट मिळतो. त्याच्या परिशिष्टात मी माझ्याच हाताने लिहिले आहे: "देवघर, दक्षिणोत्तर ८ फूट, पूर्वपश्चिम ७ फूट, खिडकी १." ती खोली ज्या बाजूला होती, ती बाजू चुलतभावाच्या वाट्याला गेली. दसरा झाला की ती उतरवायची, असे सर्वानुमते ठरले.

वाटणीपत्रावर सह्या झाल्या त्या रात्री मला झोप लागली नाही. आईचे वय शहात्तर. १९७० साली लग्न होऊन ती गोव्याहून इथे आली, आणि चोपन्न वर्षे रोज सकाळी त्या सात गुणिले आठ फुटांत ती पाटावर बसत आली होती. सव्वीस वर्षांच्या वकिलीत मी शेकडो घरांची मोजमापे कागदावर उतरविली. पण आपण कोणती जागा मोजून दिली, हे मला प्रथमच उमगले. ती जागा आता राहणार नव्हती. तिचे एखादे तरी चांगले छायाचित्र, आईसकट, आपल्यापाशी असावे, असे मी त्या रात्री ठरविले.

हा निश्चय मी इतक्या तातडीने का केला, त्याला आणखी एक कारण होते. माझे वडील २०११ साली वारले. त्यांचे एकच बरे छायाचित्र घरी आहे. कसल्याशा ओळखपत्रासाठी स्टुडिओत काढलेले आणि पुढे वाढवून घेतलेले. मागे निळा पडदा, आणि वडील छायाचित्रकाराच्या बोटाकडे पाहत आहेत. चेहरा त्यांचाच, यात शंका नाही. परंतु ज्यांनी आयुष्यभर जिनिंगच्या हिशेबाच्या वह्या लिहिल्या, त्यांची एकही वही त्यात नाही. कानावरचा टाक नाही, खिडकीजवळची बैठक नाही. साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे आणि खटला कशाचा हेच कोणाला ठाऊक नाही, असे काहीसे ते चित्र आहे.

आपल्या घरांतून असे का व्हावे? ही कला आपल्याला परकी तर नव्हे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा आपल्याच समाजातले डॉ. भाऊ दाजी तिच्या कामात होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः कॅमेरा हाताळून मुंबईतल्या माणसांची छायाचित्रे काढीत होते. त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. तरी आपल्या भिंतींवर पाहावे तर मुंज आहे, लग्न आहे, सत्कार आहे, आणि शेवटी हार घातलेली तसबीर आहे. नारळ खवणारी, जप करणारी, हिशेब लिहिणारी माणसे त्यांत क्वचितच सापडतात. समारंभाला आपण कॅमेरा बोलावतो. रोजच्या दिवसाला बोलावीत नाही.

माझ्यापाशी २०१८ सालापासून निकॉनचा डी ५६०० हा कॅमेरा आहे. त्याच्याबरोबर अठरा ते पंचावन्न मिलिमीटरचे झूम भिंग येते. उन्हात ते उत्तम काम देते. पण आमच्या देवघरात सकाळी प्रकाश तो किती? एक हातभर खिडकी, एक समई आणि निरांजन. ट्यूबलाइट लावली तर देवघराचे देवघरपण जाते. फ्लॅश उडविला तर आई डोळे मिटून घेते आणि वर रागावते. झूम भिंग त्या अंतरावर उघडून उघडून एफ ५ च्या आसपासच उघडते. एफ १.८ पर्यंत उघडणारे एकाच नाभीय अंतराचे भिंग, ज्याला छायाचित्रकार प्राइम म्हणतात, त्याच वेळात सुमारे पावणेआठपट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे झूमला एक अष्टमांश सेकंद लागतो आणि तेवढ्यात आईचा फुले वाहणारा हात पुसट होऊन जातो, तिथे प्राइमला एक साठांश सेकंद पुरतो. त्यातून प्राइम वजनाला हलके आणि किमतीला बेताचे. तेव्हा प्राइम घ्यायचे, हे नक्की झाले. राहिला प्रश्न कितीचे.

बाजारातल्या एका जुन्या छायाचित्रकार काकांना विचारले. ते क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "वकीलसाहेब, पन्नास. दुसरा विचारच करू नका." दुसऱ्या दोघांनी तेच सांगितले. पन्नासाची कीर्ती मीही ऐकली होती. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा जगद्विख्यात फ्रेंच छायाचित्रकार जन्मभर बहुधा पन्नासच्याच भिंगाने काम करीत असे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या हत्येच्या थोडाच वेळ आधी त्यांना भेटून आलेला तो हाच. एवढे भक्कम निवाडे एका बाजूला असताना मी अपील ते काय करणार? मी कोणा एकाचे वापरलेले पन्नास विकत घेतले.

पहिली ठेच तिथेच लागली, आणि चूक सर्वस्वी माझी होती. या वर्गातल्या कॅमेऱ्याच्या अंगात फोकस साधण्याची मोटर नसते; ती भिंगातच असावी लागते. मी घेतलेले भिंग जुन्या घडणीचे, बिनमोटरचे. कागद पुरता न वाचता सही करणाऱ्या पक्षकाराला मी आजवर पुष्कळ बोललो आहे; त्या दिवशी मी स्वतःला बोलून घेतले. मग हातानेच फोकस साधीत आठ-दहा दिवस काढले. सहा फुटांवर, एफ १.८ ला, पन्नासच्या भिंगात स्पष्ट दिसणारी जागा जेमतेम चार इंच खोल असते. आई आरतीसाठी किंचित पुढे झुकली की ती त्या चार इंचांतून बाहेर.

तरीही एक चित्र साधले. समईच्या उजेडातला आईचा चेहरा, मागे सगळे मऊ काळोखात विरघळलेले. सौभाग्यवतीने वाखाणले, मुलीने वाखाणले, बाररूममध्येही दोघांनी "वा" म्हटले. मी ते मोठे करून आईच्या हाती दिले. तिने चष्मा पुसला, चित्र दूर धरले, जवळ धरले, आणि तिच्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "पुता, हांव हांगा आसां, पूण देव खंय गेले?"

देव कुठे गेले? प्रश्न बिनतोड होता. मी तिचा चेहरा घेतला होता आणि ती जिथे बसली होती ती जागा टाकून दिली होती. वडिलांच्या मागचा निळा पडदाच मी पुन्हा, अधिक महाग सामग्री वापरून, आईच्या मागे लावला होता.

त्यानंतर मी ही बाब वकिलासारखी अभ्यासायला बसलो, आणि ध्यानात आले की निवाडा खोटा नव्हता. तो माझ्या खटल्याला लागू नव्हता. जुन्या कॅमेऱ्यात फिल्मची चौकट ३६ गुणिले २४ मिलिमीटरची असे. तिचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर. भिंगाचे नाभीय अंतर या कर्णाच्या आसपास असले की चित्र फार आक्रसत नाही आणि फार फाकतही नाही. म्हणून पन्नास हे तिथे मध्यम भिंग ठरले. माझ्या कॅमेऱ्यातला संवेदक, ज्याला क्रॉप सेन्सर म्हणतात, तो मात्र २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचाच. त्याचा कर्ण २८ मिलिमीटर. भिंग तेच चित्र टाकते, पण संवेदक त्याचा मधलाच तुकडा उचलतो. त्यामुळे माझ्या कॅमेऱ्यावर पन्नासचे भिंग जुन्या हिशेबाने पंचाहत्तरासारखे वागते. कार्तिए-ब्रेसाँला पन्नासातून जेवढे दिसत होते, तेवढे मला पाहायचे असेल तर मला तेहतीस-पस्तीसचे भिंग हवे. काकांनी सांगितले ते त्यांच्या फिल्मच्या चौकटीपुरते खरेच होते. वस्तुस्थिती बदलली की आधार बदलतो, हे न्यायालयात रोज सांगणारा मी, कॅमेऱ्याच्या दुकानात मात्र ते विसरलो होतो.

मग वाटणीपत्राचे परिशिष्ट काढले. देवघर दक्षिणोत्तर आठ फूट. देव्हारा आग्नेय कोपऱ्याशी, आई त्याच्यासमोर पूर्वेकडे तोंड करून, दक्षिणेच्या भिंतीपासून हात-सव्वा हातावर. मी उत्तरेच्या भिंतीला पाठ टेकून बसलो तर कॅमेऱ्यापासून आईपर्यंत फार तर सहा फूट. त्याहून एक इंच मागे जाता येत नाही. पाठीमागे भिंत आहे. आता गणित सोपे होते. सहा फुटांवर पन्नासचे भिंग २.८ फूट रुंदीची जागा दाखवते. तेवढ्यात आई मावते, नाहीतर देव मावतात. पस्तीसचे भिंग ४ फूट दाखवते. त्यात आई आणि देव दोन्ही येतात. चोवीसचे भिंग जवळजवळ सहा फूट दाखवते. म्हणजे जेवढे अंतर, तेवढीच रुंदी.

परंतु कागदावरच्या गणितावर एकदा ठेच खाल्ली होती, म्हणून या वेळी पैसे टाकण्याआधी पुरावा घेतला. युक्ती साधी आहे आणि तिला खर्च नाही. जुन्या झूम भिंगाचे कडे पस्तीसवर आणून त्याला चिकटपट्टी लावली आणि आठवडाभर काढलीच नाही. पुढच्या आठवड्यात चोवीसवर लावली. चित्रे काळोखी येत होती, हलत होती. पण चौकट काय धरते आणि काय सोडते ते कळत होते. शिवाय प्रत्येक चित्राबरोबर ते किती मिलिमीटरवर काढले याची नोंद कॅमेरा आपण होऊन ठेवीत असतो. मागल्या सहा वर्षांची माझी चित्रे चाळली, तर घरातली बहुतेक चित्रे तीस ते अडतीसच्या मधली निघाली. माझ्या डोळ्याने आपला निकाल केव्हाच देऊन ठेवला होता. मी तो वाचला नव्हता.

चोवीसच्या आठवड्यात एका रविवारी शाही किल्ल्यातल्या हमामखान्यात गेलो. १६३१ साली मुमताजमहल या गावी वारली. आग्र्याला नेण्यापूर्वी तिला नदीपलीकडे जैनाबादेत पुरले होते, हे सर्वांना ठाऊक आहेच. हमामाच्या रंगविलेल्या छतासाठी मान वर केली आणि चोवीसची थोरवी पटली. पस्तीसमध्ये छताचा तुकडा येत होता, चोवीसमध्ये ते बरेचसे आले. क्षणभर मन डळमळले. पण परतताना वाटले, हमामखान्यात मी वर्षातून एकदा जातो आणि घरी रोज जातो. रोजचे भिंग निवडायचे ते रोजच्या जागेसाठी. वर्षातून एकदाच्या जागेला झूम आहेच.

चोवीसची देवघरातली चित्रेही तपासली. त्यांत आई होती, देव होते; आणि पाण्याचा पिंप, जुन्या वर्तमानपत्रांची चळत, विजेचा मीटर आणि माझ्या स्वतःच्या पायाचा अंगठाही होता. आईला चौकटीत हवी तेवढी मोठी करायची तर तिच्यापाशी चार फुटांवर सरकावे लागे, आणि कोणी इतके जवळ आले की ती पूजा थांबवून विचारी, "काय पाहिजे?" इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहे. चेहऱ्याची ठेवण बिघडते किंवा खुलते ती भिंगामुळे नव्हे, अंतरामुळे. दोन फुटांवरून नाक मोठे दिसते, मग भिंग कोणतेही असो. भिंग फक्त एवढेच ठरवते की हवे तेवढे चित्र मिळण्यासाठी तुम्ही माणसापासून किती दूर उभे राहाल. म्हणून रोजचे भिंग निवडणे म्हणजे आपल्या माणसांपासून रोज किती अंतरावर राहायचे ते निवडणे. पन्नासने मला दाराबाहेर नेले असते, चोवीसने आईच्या पाटापाशी. पस्तीसने मला जिथे एरवीही मी लहानपणी प्रसादाची वाट पाहत बसत असे, तिथेच, उत्तरेच्या भिंतीशी बसविले.

योगायोग असा की त्याच दिवसांत, १ जुलै २०२४ पासून, जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला, आणि आम्ही वकील मंडळी नवे कलमक्रमांक शाळकरी मुलांसारखे पाठ करीत होतो. १८७२ च्या कायद्यातले कलम ६ आता कलम ४ झाले. त्याचा आशय असा की, वादातल्या गोष्टीशी जी गोष्ट इतकी जोडलेली आहे की दोन्ही मिळून एकच घटना होते, ती स्वतः वादात नसली तरी पुराव्यात घ्यावी. सव्वीस वर्षे हे कलम मी मारामाऱ्यांच्या आणि खुनांच्या खटल्यांत वापरले. आई आणि देव, पाट आणि समई ही एकच घटना आहे, त्यांतले एक काढून दुसरे सिद्ध होत नाही, हे मला त्या पावसाळ्यात कळले.

श्रावणात मी ३५ मिलिमीटर एफ १.८ चे, मोटर असलेले, याच आकाराच्या संवेदकासाठी २००९ साली निघालेले भिंग घेतले. वजन अवघे २०० ग्रॅम. ज्यांच्यापाशी फुजीचा कॅमेरा आहे त्यांचा हिशेब हाच, कारण संवेदक जवळजवळ तेवढाच. कॅननचा थोडा लहान, २२.३ मिलिमीटर रुंदीचा. तिथे पन्नास हे ऐंशीसारखे वागते, आणि चोवीस हे अडतीस-एकोणचाळीससारखे. म्हणून कॅननवाल्याने चोवीसचाही गंभीरपणे विचार करावा. ज्याचे घर मोठे, अंगण लांब, किंवा ज्याला व्यासपीठावरची मुले टिपायची आहेत, त्याला पन्नास खुशाल घेऊ द्यावे. माझा निकाल माझ्या भिंतीपुरता आहे. मात्र कोणाचेही ऐकण्यापूर्वी, माझेसुद्धा, आपली रोजची खोली टेप लावून मोजावी आणि आपली पाठ कोणत्या भिंतीला टेकते ते पाहावे.

भाद्रपदातल्या एका सुटीच्या सकाळी ते चित्र निघाले. मी भिंतीशी बसलो होतो. आई आणि देव्हारा माझ्यापासून सारख्याच अंतरावर होते, आणि पस्तीसमध्ये स्पष्ट दिसणारी जागा वीतभर खोल असते, त्यामुळे दोन्ही स्वच्छ आली. आईचा हात तुळशीदल ठेवीत होता. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. कॅमेऱ्याचा आवाज झाला तेवढाच.

दसरा १२ ऑक्टोबरला झाला. देव लालबागच्या नव्या घरी आले. समई आली, पाट आला. पुढच्या आठवड्यात देवघर उतरविले. मी न्यायालयात होतो. पाहायला गेलो नाही.

चित्र मोठे करून आणले ते दिवाळीत. या वेळी मला जरा आत्मविश्वास होता. आईने पुन्हा चष्मा पुसला. देव आले आहेत, असे ती म्हणेल म्हणून मी वाट पाहत होतो. तिने देवांकडे पाहिले, स्वतःकडे तर पाहिलेही नाही. तिचे बोट चित्राच्या उजव्या कडेवर गेले. तिथे, तिच्या पाठीमागच्या भिंतीशी, किंचित पुसट, वरून लोंबणाऱ्या एका जुन्या रेशमी वस्त्राचा काठ आला होता. त्याची खुंटी चौकटीच्या वर राहिली होती. चित्र काढताना तो काठ मला दिसला नव्हता. नंतर संगणकावर न्याहाळतानाही दिसला नव्हता.

"हो तांचो मुकटो," ती म्हणाली.

वडिलांचा पूजेचा मुकटा. ते गेल्यापासून तेरा वर्षे तो त्या खुंटीवर होता, हे मला माहीतच नव्हते. वाटणीपत्राच्या परिशिष्टात मी खिडकी धरली होती. खुंटी धरली नव्हती. मी विचारले, "आता कुठे आहे तो?" ती म्हणाली, "माझ्या ट्रंकेत. दुसरे कुठे असणार?"

ते चित्र आता वडिलांच्या तसबिरीशेजारी लावले आहे. पस्तीसचे भिंग कॅमेऱ्यावरून सहसा उतरत नाही. पन्नासचे कपाटात आहे. मुलीच्या नाटकाच्या वेळी ते काढतो, आणि तिथे ते फार छान काम देते.